लांबच्या वाटेचा बोजा : प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांची ओळख लोहमार्गाने घडवली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी तोच मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला, आणि पुढे इथल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाशी असा जखडला गेला की या भागातल्या प्रवासाविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी रुळांविषयीच लिहिले गेले. दुचाकीला त्या लेखनात फारशी जागा मिळाली नाही, कारण घर ते स्टेशन एवढ्या अंतराचे साधन यापलीकडे तिचा विचार झाला नाही. सकाळी ती स्टेशनबाहेरच्या पे-अँड-पार्कमध्ये लावायची आणि रात्री तिथून उचलायची, एवढाच तिचा दिनक्रम. मात्र एमएच-०४ आणि एमएच-०५ या पाट्यांच्या याच गाड्या जोडून सुट्टी आली की पहाटे सामानाने लादलेल्या दिसतात आणि कोकणाच्या, घाटमाथ्याच्या, गोव्याच्या, क्वचित लडाखच्याही वाटेला लागतात. त्या प्रवासाच्या आधी जे घडते, म्हणजे सामानाची निवड व बांधणी, गाडीची दुरुस्ती आणि निघण्याची वेळ व वाट यांचा निर्णय, तो प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या तयारीचे ज्ञान आजवर प्रामुख्याने यादीच्या रूपात एकाकडून दुसऱ्याकडे गेले आहे. यादी करणारा बहुधा लडाख किंवा स्पितीसारख्या विरळ वस्तीच्या मुलखात जाऊन आलेला असतो, त्यामुळे त्याच्या यादीत पेट्रोलचा कॅन असतो, सुटे भाग असतात, उंचीवरच्या थंडीचे कपडे असतात; आणि ती यादी जशीच्या तशी उचलून दापोली-गुहागरला निघालेला डोंबिवलीकर ज्या रस्त्यावर गावागावात पेट्रोल, चहा आणि पंक्चरचे दुकान आहे त्या रस्त्यावर आठवडाभराचे बिऱ्हाड वाहत राहतो. उलट दमट हवेत न वाळणाऱ्या कपड्यांचे काय करायचे, जंगलजेटीची, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीची, शेवटची फेरी चुकली तर रात्र कुठे काढायची, असे कोकणातले खरे प्रश्न त्या यादीत नसतात. तयारीचे प्रमाण किलोमीटरवरून ठरत नाही. वाट स्वतः काय पुरवते आणि काय पुरवत नाही यावरून ते ठरते, ही या ग्रंथाची भूमिका आहे आणि पुढील सर्व प्रकरणे तिच्याच अनुषंगाने लिहिलेली आहेत.

सामान लादून सह्याद्री ओलांडण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून आला आहे, आणि या बंदरातून जुन्नरकडे जाणारा व्यापारी मार्ग नाणेघाटातून चढत असे. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि घाटाच्या माथ्यावरचा, जकातीसाठी वापरला जात असल्याचे सांगितले जाते तो दगडी रांजण या त्या वर्दळीच्या खुणा आहेत. पुढच्या शतकांत लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून असेच घाट चढत-उतरत राहिले. बैलाच्या पाठीवर टाकायच्या गोणीचा नियम साधा होता: दोन्ही कुशींवर सारखे वजन, आणि बोजा पाठीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला, कारण एका बाजूला झुकलेला भार चढणीवर बैलाचा पाय घसरवतो आणि पाठ सोलून काढतो. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्यांना, ज्यांना सर्रास सॅडल बॅग म्हटले जाते, हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की जनावर अडून बसते आणि तक्रार करते, गाडी मात्र वळणापर्यंत काहीच सांगत नाही.

दुचाकीवरून लांब जाण्याची रीत घरोघरी आली ती मोटरसायकलपेक्षा स्कूटरमुळे. ठाण्याच्या शेजारी भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीत लॅम्ब्रेटा जोडली जात असे, आणि आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक येऊ लागली. स्कूटरवरून देवदर्शनाला किंवा गावी जाणाऱ्या कुटुंबाकडे आजच्या अर्थाने कोणतेही खास सामान नव्हते, पण दोन गोष्टी होत्या ज्यांची किंमत मोटरसायकल आल्यावर कळली. पायांपुढची सपाट जागा ही पहिली, जिथे जड पिशवी जमिनीलगत आणि दोन चाकांच्या मधोमध राहत असे. दुसरी स्टेपनी, म्हणजे सोबत वाहिलेले जादा चाक, ज्यामुळे पंक्चर हे रस्त्याकडेला दहा-पंधरा मिनिटांत निपटणारे काम होते. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १०० आणि तिच्या मागून आलेल्या गाड्यांनी इंधनाचा खर्च खाली आणला, २००१ च्या पल्सरने वेगाची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली आणि बुलेटचे पुनरागमन झाले. परंतु या कोणत्याही गाडीत सपाट जागा नाही आणि स्टेपनीही नाही. सामान वर चढले, मागे सरकले, आणि पंक्चर हा तयारीचा स्वतंत्र विषय झाला. आज तयारी म्हणून जे शिकवले जाते त्यातला बराच भाग या दोन उणिवा भरून काढण्याचा आहे.

ठाणे-कल्याणच्या दुचाकीस्वाराला वाट निवडताना एक बंधन पाळावे लागते, ते म्हणजे नवे वेगवान रस्ते त्याच्यासाठी नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर ती नेता येत नाही, आणि जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यातूनच सुरू होत असला तरी तोही तिला बंद आहे. त्यामुळे इथल्या वाटा जुन्याच राहतात: पुण्याकडे जाण्यासाठी पनवेल-खोपोलीचा जुना महामार्ग, नाशिककडे पडघा-शहापूर-कसारा, नगरकडे मुरबाड-माळशेज, आणि कोकणात पेण-वडखळवरून खाली उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, जो पूर्वी १७ क्रमांकाने ओळखला जात असे. जुन्या रस्त्यांचा वेग कमी असतो, पण त्यांच्या कडेला गावे, गॅरेज, खानावळी आणि एसटी स्थानके असतात. बंदीचा हा एक अनपेक्षित फायदा म्हणावा लागेल, कारण ज्या वाटेवर दर दहा-पंधरा किलोमीटरवर माणूस भेटतो तिथे सोबतचे ओझे कमी चालते.

खरी कसोटी मात्र या वाटांवर पोहोचण्यापूर्वीच लागते. डोंबिवलीहून कोकणाकडे निघालेल्याला कल्याण-शीळ रस्ता आणि शिळफाटा ओलांडावा लागतो, ठाण्याहून निघणाऱ्याला मुंब्रा बायपास किंवा खारेगावची रांग चुकत नाही, आणि या सर्व ठिकाणी उरणच्या बंदराकडे ये-जा करणारे कंटेनर, बांधकामाचे डंपर आणि रोजची चाकरमानी गर्दी एकाच अरुंद जागेसाठी भांडत असतात. नाशिककडे जाणाऱ्या डोंबिवलीकराची वाट मोठागाव-माणकोली पुलामुळे आता सोपी झाली आहे, पण दक्षिणेकडे जाणाऱ्याला असा दिलासा नाही. सामानाने रुंद झालेली गाडी रोजच्या सवयीने दोन ट्रकांमधल्या फटीत घालण्याचा मोह हा या प्रवासातला पहिला आणि फार खरा धोका आहे. कारण हात आणि डोळे रिकाम्या गाडीची रुंदी ओळखतात, भरलेल्या गाडीची ओळखत नाहीत. म्हणूनच उजाडण्यापूर्वी शिळफाटा किंवा माजिवडा मागे टाकण्याचा जो शिरस्ता इथे पडला आहे तो केवळ उन्हापासून बचावाचा नाही, आणि बांधणीचा विचारही त्यालाच धरून करावा लागतो.

पहाटे साडेचारला चौथ्या-पाचव्या मजल्यावरून सामान उतरवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका मंद दिव्याखाली, झोपलेल्या वॉचमनची परवानगी घेत बांधाबांध करणे ही या शहरांतली सार्वत्रिक स्थिती आहे. गॅरेज किंवा अंगण असलेल्या घरासाठी लिहिलेल्या परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत हिचा विचार नसतो. गाडीवर सामान रात्रीच बांधून ठेवता येत नाही, कारण ते सकाळपर्यंत राहील याची खात्री नसते; गाडी धुण्यासाठी पाण्याची जोडणी बऱ्याच इमारतींत मिळत नाही, त्यामुळे वर्षातली खरी धुलाई अनेक गाड्यांच्या वाट्याला दसऱ्याच्या पूजेपुरतीच येते, आणि चिखलाच्या थराखाली तेल गळते आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही. या परिस्थितीत चांगली बांधणी ती, जिचे तीन-चारच तुकडे होतात, जी एका फेरीत लिफ्टमधून खाली येते आणि अंधारात चाचपडूनही पाच-दहा मिनिटांत गाडीवर बसते.

बांधणीचे शास्त्र समजून घेण्यासाठी दोन-तीन संज्ञा आवश्यक आहेत. गाडीचे पेट्रोल-तेलासह स्वतःचे वजन आणि निर्मात्याने ठरवलेले कमाल एकूण वजन यांतील फरकाला भारक्षमता म्हणतात, आणि ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. या आकड्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असे सगळेच येते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १३० किलो भारक्षमतेच्या गाडीवर ६५-६५ किलोंची दोन माणसे बसली की हिशेब तिथेच संपतो आणि पुढची प्रत्येक पिशवी मर्यादेबाहेरची ठरते. डबलसीट आणि भरपूर सामान असा बेत शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर आखणाऱ्याने ही बेरीज कागदावर मांडून पाहावी, म्हणजे घाटात गाडी का ओढत नाही याचे कारण मेकॅनिककडे शोधावे लागणार नाही. दुसरी संज्ञा गुरुत्वमध्याची, म्हणजे ज्या बिंदूपाशी सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूची. सामान जितके उंच तितका हा बिंदू वर सरकतो आणि थांबताना, वळताना, यू-टर्न घेताना गाडी कलंडू पाहते. तिसरी गोष्ट मागच्या चाकाच्या आसाची, ज्याभोवती ते चाक फिरते. या आसाच्या पाठीमागे टांगलेला भार पुढच्या चाकावरचे वजन उचलून घेतो, त्यामुळे पुढच्या चाकाची पकड सैल पडते आणि विशिष्ट वेगाला हँडल थरथरू लागते. कॅरियरच्या टोकावर बसवलेली टॉप बॉक्स दिसायला सुबक असली तरी नेमकी याच चुकीच्या जागी असते. तिच्यात कपडे ठेवावेत, पाने आणि पाण्याच्या बाटल्या नव्हेत. जड वस्तू सॅडल बॅगच्या तळाशी, शक्य तितक्या पुढे, चालवणाऱ्याच्या पायांच्या मागे असाव्यात, आणि कॅमेरा, औषधे, कागदपत्रे अशा वारंवार लागणाऱ्या हलक्या वस्तू टाकीवरच्या बॅगेत.

इथे सायलेन्सरचा वेगळा विचार करावा लागतो. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असल्यामुळे उजवी सॅडल बॅग डावीपेक्षा उंच किंवा बाहेर ढकललेली राहते, आणि ती टेकली तर घाटाच्या चढणीवर तापलेल्या नळीने रेक्झिन, नायलॉन आणि आतला टॉवेल या क्रमाने जळत जातात. डाव्या बाजूचे संरक्षण भारतीय गाडीत आधीच दिलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी हातधरणी, पायटेकणी आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक बसवणे बंधनकारक केले आहे. बोलीत साडी गार्ड म्हणतात ते हेच. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून आलेली ही जाळी सॅडल बॅगलाही चाकापासून दूर ठेवते. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून नवी असतानाच ती काढून टाकायची, आणि मग पहिल्या सहलीच्या वेळी तेच काम करणारा लोखंडी सांगाडा, ज्याला बाजारात लडाख कॅरियर असे भारदस्त नाव आहे, विकत आणायचा, हा उलटा व्यवहार इतका रूढ झाला आहे की त्याची नोंद केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

बांधण्याच्या साधनांत बंजी, म्हणजे दोन्ही टोकांना आकडे असलेली रबरी दोरी, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी भरवशाची आहे. ती ताणली जाते म्हणूनच सामान खड्ड्यागणिक किंचित सरकते, आणि आकडा निसटला तर तो डोळ्याला लागतो किंवा दोरी चाकात जाते. बकलाचे सपाट पट्टे अधिक चांगले, परंतु त्यांची मोकळी शेपटे गुंडाळून खोचली पाहिजेत, कारण लोंबणारा पट्टा चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढला गेल्यास मागचे चाक जागच्या जागी अडकते. बांधून झाल्यावर ब्रेकचा दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि नंबरप्लेट मागून दिसतात का हे दहा पावले मागे जाऊन पाहावे. आणखी एक गोष्ट अनुभवी लोकांकडूनही सुटते: अनेक गाड्यांत पान्ह्यांची थैली सीटखाली असते. सीटवर आडवी बॅग करकचून बांधली असेल तर एक फ्यूज बदलण्यासाठी पावसात सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागतो. पान्हे, फ्यूज आणि पंक्चरचे साहित्य म्हणून सीटखालून काढून हाताशी ठेवावे.

सोबत कोणती हत्यारे न्यावीत, याचे उत्तर टायरपासून सुरू होते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर चाक न काढता बाहेरून रबराची वात भरता येते, आणि हे काम शिकायला एक संध्याकाळ पुरते. अशा गाडीसोबत वाती, टोच्या आणि छोटा पंप एवढे पुरे. आऱ्यांच्या चाकात मात्र बहुधा ट्यूब असते, तिच्यासाठी चाक उतरवावे लागते, आणि गाडीला मेन स्टँड नसेल तर एकट्याने ते जमणे कठीण. अशा गाडीच्या मालकाने चाक काढण्याच्या मापाचे पाने आणि मागच्या मापाची एक ट्यूब न्यावी व उरलेले काम पंक्चरवाल्यावर सोपवावे, कारण त्याच्याकडे माप चुकलेली ट्यूब किंवा नसलेला पाना या दोनच गोष्टींनी अडते. क्लचची वायर, एक्सलेटरची वायर, स्पार्क प्लग, दोन-तीन फ्यूज आणि चिकटपट्टी यांचे वजन नगण्य आहे आणि त्यांच्यावाचून अडलेला दिवस परत मिळत नाही. याउलट इंजिन ऑइलचे डबे, ब्रेक शूची जादा जोडी, पाच लिटरचा कॅन या वस्तू महाराष्ट्रात आणि गोव्यात अनावश्यक आहेत. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, एवढी शिस्त कोकणच्या किनारी रस्त्यालाही पुरते.

सर्व्हिसिंगच्या वेळेबद्दल या ग्रंथाचे मत आग्रही आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजातून आणणे ही तयारी नसून जोखीम आहे, कारण दुरुस्तीत राहिलेली चूक, उदाहरणार्थ नीट न कसलेला ड्रेन नट किंवा हवा राहिलेली ब्रेकची नळी, पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरांत उघडी पडते आणि ते किलोमीटर घरापासून दूर असू नयेत. किमान आठवडाभर आधी काम करून घ्यावे आणि नंतर गाडी रोजच्यासारखी स्टेशनला न्यावी. चेनचा ढिलेपणा तपासताना ती प्रवासाच्या उत्साहात फार कसली जाणार नाही हे पाहावे; बहुतेक गाड्यांत दोन ते साडेतीन सेंटिमीटर खालीवर हालचाल अपेक्षित असते, आणि सामानाने मागचा भाग खाली बसला की हा ढिलेपणा आपोआप कमी होतो, त्यामुळे रिकाम्या गाडीवर ताठ वाटणारी चेन भरलेल्या गाडीत बेअरिंग खाते. मागचा भाग खाली बसण्याचा दुसरा परिणाम हेडलाइटवर होतो: झोत वर उचलला जातो, स्वतःच्या पुढचा रस्ता अंधारात राहतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मागच्या स्प्रिंगचा ताण एक-दोन टप्पे वाढवणे आणि टायरमध्ये भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा, टायर थंड असताना, भरणे हे दोन उपाय फुकट आहेत, तरीही सर्वांत कमी वापरले जातात.

पावसाळ्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले, कारण इथला प्रवासी जून ते सप्टेंबर या महिन्यांत माळशेज, ताम्हिणी, आंबोलीकडे हटकून निघतो. पावसात जलरोधक म्हणून विकली जाणारी बॅग तिच्या चेनपाशी आणि शिवणीपाशी हरते, आणि वरून चढवायचे कव्हर वाऱ्याने फुगून खाली पाण्याची पखाल होते. भरवसा आतल्या आवरणावर ठेवावा: प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून, दुमडून बांधलेले. यामुळे वरची बॅग भिजली तरी फरक पडत नाही, आणि मुक्कामी पोहोचल्यावर अख्खी बॅग न उचकता एक पिशवी काढता येते. रेनकोट दोन तुकड्यांचा, बुटावरून ओढता येईल एवढ्या रुंद पायांचा असावा आणि तो सगळ्यात वर ठेवावा. तळाशी ठेवलेला रेनकोट बाहेर काढेपर्यंत त्याची गरज संपलेली असते. माळशेजमध्ये दरडी कोसळणे आणि दाट धुके ही दरवर्षीची गोष्ट आहे, प्रशासनही पावसाळ्यात धबधब्यांच्या जागी वेळोवेळी मनाई लागू करते, आणि तेव्हा पर्यायी वाट माहीत असणे कोणत्याही वस्तूपेक्षा उपयोगी पडते. किनाऱ्याने जाणाऱ्याच्या बाबतीत हेच जंगलजेटीच्या वेळापत्रकाचे: आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटी खाडीला वळसा घालण्याचे कित्येक किलोमीटर वाचवतात, परंतु रात्री त्या थांबतात, आणि मग तो वळसा अंधारात घ्यावा लागतो.

लडाखचा प्रवास या भागातून निघणाऱ्यासाठी वेगळ्याच पद्धतीने सुरू होतो. कल्याणहून लेह दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्यातला मोठा भाग उन्हाळ्यातल्या राजस्थान-पंजाबच्या सपाटीचा, आणि नोकरदाराची रजा तेवढ्यात संपते. म्हणून गाडी रेल्वेने दिल्ली, चंदीगड किंवा जम्मूला पाठवण्याची पद्धत पडली. यात दोन मार्ग आहेत. प्रवाशाच्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून दिलेली गाडी त्याच रेल्वेने जाणे अपेक्षित असते, तर ‘पार्सल’ म्हणून दिलेली गाडी जागा होईल तेव्हा निघते आणि मालकाच्या नंतरही पोहोचू शकते. दोन्हींत पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि विम्याच्या प्रती द्याव्या लागतात, आणि आरसे काढून, टाकी, हेडलाइट व इंडिकेटर पेंढा आणि गोणपाटात शिवून घ्यावे लागतात. हे काम करणारी माणसे पार्सल कार्यालयाबाहेरच भेटतात. गोणपाटाच्या आत सामान कोंबून पाठवण्याचा मोह टाळावा. उतरल्यावर पहिला पेट्रोल पंप गाठण्यापुरते तरी पेट्रोल कुठून आणायचे, ही क्षुल्लक वाटणारी बाब आधी ठरवलेली असावी, कारण रिकाम्या टाकीची, दोनशे किलोंची गाडी उन्हात ढकलणे हा प्रवासाचा वाईट आरंभ आहे. वर उल्लेखिलेली लांबलचक यादी, तिच्यातला कॅन आणि थंडीचे थर, हे सगळे इथे मात्र सार्थ ठरते.

अंगावरच्या साधनांबद्दल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दोघांनाही सक्तीचे आहे, ते आयएस ४१५१ या मानकाचे असावे, आणि मागे बसणाऱ्याला दिले जाणारे जुने, सैल, पट्टा तुटलेले हेल्मेट हा या शहरांतला एक दुःखद प्रघात आहे. पॅड असलेले जर्किन, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांवर खर्च करून उरलेल्या पैशांत बॅग घ्यावी, उलट क्रमाने नव्हे. लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये ग्राह्य असले तरी घाटात मोबाइलची बॅटरी आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून प्रती जवळ असाव्यात, आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तसे पत्रही. रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक कागदावर लिहून हेल्मेटच्या आत किंवा खिशात ठेवावेत, सोबत रक्तगट आणि घरचा एक क्रमांक. खाण्याचे ओझे कमी असावे. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चिक्की टिकतात आणि चेपत नाहीत, बाकीचे रस्ता देतो. मीठ-साखरेच्या पाकिटांना मात्र पर्याय नाही, कारण जर्किनच्या आत कोकणच्या दमटपणात किती पाणी जाते हे डोके दुखू लागेपर्यंत लक्षात येत नाही.

शेवटचे प्रकरण भरलेल्या गाडीच्या चाचणीचे आहे, आणि वाचकाने ते आधी वाचले तरी हरकत नाही. सर्व सामान, अगदी पाण्याच्या बाटल्यांसह, बांधून, मागे बसणारा असेल तर त्याच्यासह, एखाद्या रविवारी कल्याणहून मुरबाड, टोकावडे असे माळशेज घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन परतावे. गावांतले गतिरोधक, उखडलेला डांबराचा तुकडा, वळणाची चढण आणि ट्रकमागची उतरण हे सारे या एकाच रस्त्यावर मिळते. पहिल्या वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा कसावेत, माथ्यावर सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेला हात लावून पाहावा, येताना अंधार पडू द्यावा म्हणजे हेडलाइटचा झोत कळेल, आणि घरी आल्यावर कॅरियरच्या वेल्डिंगला तडा गेला आहे का हे टॉर्च मारून तपासावे. ही फेरी निदान पंधरवडाभर आधी करावी, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडे सांगाडा पुन्हा जोडून घ्यायला, चेन सेट करायला आणि न वापरलेल्या पिशव्या माळ्यावर परत ठेवायला वेळ राहतो. आदल्या दिवशी केलेल्या चाचणीत सापडलेला दोष तसाच बांधून बरोबर न्यावा लागतो.